स्मारक सोने : नाणे, पदक की नुसता मुलामा?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ब्रिटिश राजघराण्याच्या ‘स्मारक सुवर्णनाण्यां’वर आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. हौस म्हणून किंवा ठेव म्हणून अशी नाणी घेणारे वाचक बरेच आहेत, त्यामुळे विषय निघाला हे चांगलेच झाले. पण लेखासोबतच्या चार छायाचित्रांपैकी दोनच नाण्यांची होती. तिसरे पदकाचे होते आणि चौथे एका खाजगी कंपनीने काढलेल्या मुलाम्याच्या चकतीचे. चारहींखाली शब्द मात्र एकच, ‘नाणे’. या छंदात पैसे बुडतात ते बहुतेक याच गोंधळात, म्हणून जरा सविस्तर लिहीत आहे.

नाणे म्हणजे राजाच्या घोषणेने ज्याचे वजन, कस आणि दर्शनी मूल्य ठरले आहे ते. सॉव्हरिन या सोन्याच्या नाण्यावर ‘एक पौंड’ असे कुठेही लिहिलेले नसते, तरी ते कायद्याने एका पौंडाचे नाणे आहे. पदकाला मूल्य नसते. ते खुद्द रॉयल मिंटने (ब्रिटनच्या सरकारी टांकसाळीने), त्याच कारागिरांच्या हातून काढलेले असले तरी पदकच राहते. तिसरा प्रकार खाजगी मुद्रांचा. त्यात २२ कॅरट सोन्यापासून तांब्यावरच्या अतिपातळ मुलाम्यापर्यंत काहीही सापडते आणि वेष्टन सगळ्यांचे सारखेच मखमली असते. फरक नुसता नावाचा नाही. १८३७ नंतरचे, कायदेशीर चलन असलेले ब्रिटिश सोन्याचे नाणे विकून झालेल्या नफ्यावर ब्रिटनच्या रहिवाशाला भांडवली नफा कर लागत नाही. पदकाला ही सवलत नाही. मूल्यवर्धित करातून सुटणाऱ्या ‘गुंतवणुकीच्या सोन्या’तही पदक बसत नाही. त्यासाठी नाणे १८०० नंतरचे, हजारात किमान ९०० कसाचे, आपल्या देशात चलन असलेले किंवा पूर्वी चलन असलेले, आणि साधारणपणे आतल्या सोन्याच्या १८० टक्क्यांपेक्षा जास्त भावाने न विकले जाणारे हवे.

आता ‘ऐतिहासिक स्मारक नाणी’ कोणती? ब्रिटनच्या बाबतीत हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही, कारण जुन्या नाण्यांवर प्रसंगाचे नाव क्वचितच घातले जाई. घातले तेही एका शब्दात. १७०३ च्या राणी ॲनच्या काही गिनींवर (त्या काळच्या सोन्याच्या नाण्यांवर) मुखवट्याखाली, म्हणजे राणीच्या चेहऱ्याच्या चित्राखाली, ‘व्हिगो’ असे आहे. ऑक्टोबर १७०२ मध्ये स्पेनच्या व्हिगो उपसागरात पकडलेल्या जहाजांवरच्या धातूची ती खूण. लुटीत चांदी बरीच होती, सोने अगदी थोडे. म्हणून सोन्याची व्हिगो नाणी, त्यातही पाच गिनीचे, फार दुर्मीळ. दुसऱ्या जॉर्जच्या १७४५ आणि १७४६ च्या नाण्यांवर ‘लिमा’ आहे, तेही समुद्रावरच पकडलेल्या स्पॅनिश खजिन्याचे. १७२९ पासूनच्या काही गिनींवर ‘ई.आय.सी.’ अक्षरे आहेत. ते सोने ईस्ट इंडिया कंपनीने टांकसाळीला पुरवलेले. अशा नाण्यांत खोटेपणाची सर्वांत सोपी वाट म्हणजे साध्या गिनीवर मुखवट्याखाली मागाहून अक्षरे चढवणे. भिंगातून अक्षरांभोवतीची सपाट जागा पाहावी. खऱ्या छापात अक्षर आणि पार्श्वभूमी यांची झीज सारखी असते. चढवलेल्या अक्षराभोवती जमीन, म्हणजे ही सपाट जागा, खरवडलेली किंवा जरा खोल गेलेली दिसते.

व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणानंतर विल्यम वायनने केलेले १८३९ चे ‘उना आणि सिंह’ पाच पौंडी हे बहुतेकांच्या मते ब्रिटनचे सर्वांत देखणे नाणे. ते चलनासाठी पाडलेलेच नव्हते, पेटीतल्या प्रूफ (संग्राहकांसाठी खास जपून पाडलेल्या) संचासाठी होते. त्याच्या नकला इतक्या आहेत की लिलावगृहाची लेखी हमी आणि मागच्या मालकांची साखळी असल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊच नये. २०१९ मध्ये रॉयल मिंटने याच रचनेची नवी नाणी काढली. ती अस्सल आहेत, पण २०१९ ची आहेत. जाहिरातीत वर्ष बारीक टाइपात असले की लगेच सावध व्हावे.

सर्वसाधारण संग्राहकाच्या आवाक्यात येतो तो काळ १८८७ पासूनचा. व्हिक्टोरियाच्या राज्याला पन्नास वर्षे झाली त्या वर्षी जोसेफ एडगर बोहमने केलेला नवा मुखवटा आला आणि पाच पौंड, दोन पौंड, सॉव्हरिन व अर्धा सॉव्हरिन अशी चार सोन्याची नाणी निघाली. डोक्यावरच्या एवढ्याशा मुकुटाची तेव्हा भरपूर टिंगल झाली आणि १८९३ मध्ये थॉमस ब्रॉकचा मुखवटा त्या जागी आला. टिंगलीपेक्षा गंभीर घोटाळा सहा पेन्सच्या चांदीच्या नाण्याने केला. त्याची मागची बाजू अर्ध्या सॉव्हरिनसारखी होती आणि आकारही जवळपास तोच. लोक त्याला सोन्याचा मुलामा देऊन अर्धा सॉव्हरिन म्हणून चालवू लागले. टांकसाळीला त्याच वर्षी रचना बदलावी लागली. असे मुलामा दिलेले सहा पेन्स आजही जुन्या डब्यांत सापडतात. वजन केले की लगेच कळते, कारण सोन्याचा अर्धा सॉव्हरिन ३.९९ ग्रॅम भरतो आणि सहा पेन्सचे नाणे ३ ग्रॅमचेही नसते.

पाच पौंडी १८८७ चे साधे नाणे ५३,८४४ निघाले, प्रूफ फक्त ७९७. त्यामुळे साधे पण जपलेले नाणे चकाकवून प्रूफ म्हणून खपवण्याचा मोह मोठा असतो. प्रूफची जमीन आरशासारखी असते आणि तो आरसा अक्षरांच्या मधल्या अरुंद जागेतही असतो. चकाकवलेल्या नाण्यात उघड्या भागाला चमक येते, अक्षरांच्या बेचक्यात मंदपणा राहतो आणि दिव्याखाली तिरके धरले की केसासारख्या समांतर रेघा दिसतात.

१९०२ च्या राज्याभिषेकात उलटे झाले. सातव्या एडवर्डच्या संचातील प्रूफ नाणी मुद्दाम मॅट, म्हणजे चमक मारलेली, काढली होती. तेरा नाण्यांच्या मोठ्या संचात पाच आणि दोन पौंडी होती, अकरांच्या लहान संचात नव्हती. हे मॅट नाणे एखाद्याला ‘मळलेले’ वाटते, तो मऊ फडक्याने घासतो, आणि त्या एका घासण्यात ते प्रूफ राहत नाही आणि साधेही राहत नाही. मॅट पृष्ठभाग पुन्हा आणता येत नाही. घेताना मुखवट्याचा गाल, कान आणि मागच्या बाजूला घोडेस्वार संत जॉर्जच्या घोड्याचे पुठ्ठे ही उंच ठिकाणे पाहावीत. बाकी जमीन दाणेदार आणि तिथेच चमक असेल तर हात फिरलेला आहे. उलट साध्या नाण्यावर वाळूचा मारा करून त्याला मॅट केल्याचेही नमुने आहेत. तिथे दाणा जाडाभरडा असतो आणि अक्षरांच्या कडा गोलावलेल्या.

१९११ मध्ये पाचव्या जॉर्जची पाच आणि दोन पौंडी नाणी फक्त प्रूफ म्हणून निघाली, पाच पौंडी २,८१२. १९३७ चा सहाव्या जॉर्जचा संच चार नाण्यांचा, ५,५०१ संख्येचा, आणि त्याची एक खूण पाठ करून ठेवावी: चारही नाण्यांची कड सपाट आहे, दातेरी नाही. दातेरी कडेचा १९३७ चा सॉव्हरिन कोणी दाखवला तर पुढे बोलण्याचे कारणच नाही. त्याआधी आठव्या एडवर्डसाठी केलेली चाचणीची नाणी चलनात कधी आलीच नाहीत. त्यातला एक सॉव्हरिन रॉयल मिंटच्या मध्यस्थीने २०२० मध्ये दहा लाख पौंडांना गेला. १९३५ च्या रौप्यमहोत्सवाचा क्राउन (पाच शिलिंगांचे मोठे नाणे) हा पहिला खास स्मारक क्राउन. तो चांदीचा आहे, सोन्यात तीसहून कमी निघाले. १९५३ च्या राज्याभिषेकाचे सोन्याचे संच विक्रीला आलेच नाहीत. म्हणून ‘१९५३ चा कोरोनेशन सॉव्हरिन’ स्वस्तात मिळत असेल तर त्याचा अर्थ सांगायला नको.

नाणे हाती आले की पहिले काम मापांचे, कौतुक नंतर. सॉव्हरिन ७.९८८ ग्रॅम, व्यास २२.०५ मिमी, जाडी सुमारे १.५२ मिमी. अर्धा ३.९९४ ग्रॅम, १९.३० मिमी. दोन पौंडी १५.९७६ ग्रॅम, २८.४० मिमी. पाच पौंडी ३९.९४ ग्रॅम, ३६.०२ मिमी. सगळ्यांचा कस ९१६.७, म्हणजे अकरा भाग सोने आणि एक भाग हिण, बहुतेक तांबे. इथे एक जागा फसण्यासारखी आहे. १९९० पासून निघालेल्या सोन्याच्या पाच पौंडी क्राउनचे वजन आणि कस तेच, पण व्यास ३८.६१ मिमी. दोन्ही ‘पाच पौंड’, दोन्ही ३९.९४ ग्रॅम, पण नाणी वेगळी आणि बाजारही वेगळा. कॅप्सूल मागवतानाही लोक इथेच चुकतात. चलनातल्या सॉव्हरिनचे कायद्याने किमान वजन ७.९३७८७ ग्रॅम ठरलेले होते, तेव्हा वापरलेले नाणे ७.९५ भरले तर त्यात वावगे काही नाही. ७.९ च्या खाली गेले तर कड तासलेली आहे का, दागिन्याची कडी काढताना धातू गेला आहे का, हे पाहावे.

वजन आणि व्यास जुळले तरी घनता घ्यावी. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून शून्य करावे, नाणे बारीक नायलॉनच्या दोऱ्याला बांधून पूर्ण बुडेल पण तळाला व बाजूंना टेकणार नाही असे सोडावे. काटा जो आकडा दाखवेल तो सारलेल्या पाण्याचा. हवेतले वजन त्याने भागले की घनता आली. तांब्याच्या हिणाचे २२ कॅरट सोने १७.६ च्या आसपास येते, चांदीचे हिण असेल तर १८ च्या. सॉव्हरिनला पाण्याचा आकडा सुमारे ०.४५ ग्रॅम यायला हवा. १८ कॅरट असेल तर तो ०.५२ च्या घरात जातो. चूक होते ती दोन कारणांनी. नाण्याला चिकटलेले बुडबुडे आकडा वाढवतात, म्हणून पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकावा आणि नाणे हलकेच हलवावे. दुसरे कारण काट्याचे. दोन दशांश स्थळांचा काटा ०.४४, ०.४५ आणि ०.४६ यांतला फरक दाखवतो खरा, पण तेवढ्यात घनता १८.१५ वरून १७.३७ पर्यंत घसरते. सॉव्हरिनसाठी तीन दशांश स्थळांचा काटा हवा. पाच पौंडी नाणे २.२७ ग्रॅम पाणी सारते, त्याला दोन स्थळांचा पुरतो.

घनता जुळली म्हणजे काम संपले असेही नाही. टंगस्टनमध्ये निकेल आणि लोखंड मिसळले की त्याची घनता १७ ते १८.५ मध्ये कुठेही बसवता येते आणि वर सोने चढवले की काटा फसतो. पण तो धातू ठिसूळ आणि कठीण. त्यावर नाण्यासारखा छाप उठत नाही, त्यामुळे अक्षरे बोथट येतात. शिवाय निकेल-लोखंडामुळे दोऱ्याला टांगलेला नग तेज चुंबकाकडे किंचित ओढला जातो, खरे नाणे ओढले जात नाही. क्ष-किरण यंत्राचा आकडा पृष्ठभागाच्या पातळ थराचा असतो, त्यामुळे जाड मुलाम्यापुढे तोही फसतो. कसोटीच्या दगडावर आणि आम्लाने तपासणे मात्र संग्रहाच्या नाण्याला कधीच करू नये. खरे निघाले तरी कडेवर ओरखडा राहतो आणि संग्राहक त्याला खराब नाणेच म्हणणार.

खरी डोकेदुखी निराळीच आहे: सोने खरे, नाणे खोटे. दुसऱ्या महायुद्धानंतर सॉव्हरिनचा बाजारभाव आतल्या सोन्यापेक्षा बराच चढला होता आणि इटली, लेबनॉनसारख्या ठिकाणी जवळजवळ पूर्ण कसाच्या सोन्यात सॉव्हरिन पाडले जात होते. या बनावट मालाला उत्तर म्हणून रॉयल मिंटने १९५७ मध्ये नवे सॉव्हरिन पुन्हा काढायला सुरुवात केली. असे नग वजनात, व्यासात, घनतेत बसतात. ते पकडायचे छापावरून. अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या मऊ असतात. अक्षरांपासून काठाकडे बारीक काटे निघालेले दिसतात. जमिनीवर सूक्ष्म पुळ्या असतात, कारण साचा खऱ्या नाण्यावरून उतरवलेला असतो आणि त्यात हवेचे खळगे राहतात. काठाच्या आतले मणी असमान असतात. तोच खड्डा, त्याच जागी, दोन वेगवेगळ्या नाण्यांवर दिसला तर दोन्ही खोटी. १८८७ पासून ब्रिटिश नाण्यांच्या दोन्ही बाजू सरळ-सरळ असतात: मुखवटा उभा धरून नाणे उभ्या अक्षावर फिरवले की मागचा घोडेस्वारही उभाच. तो उलटा किंवा कलता आला तर संशय घ्यावा.

सनावरूनही बराच निकाल लागतो, आणि त्याला यंत्र लागत नाही. लंडनच्या टांकसाळीचे १९१८ ते १९२४ या सनांचे सॉव्हरिन नाहीत. त्या काळातल्या सॉव्हरिनवर सनाच्या वर, जमिनीच्या रेघेवर बारीक अक्षर हवेच: सिडनीचे एस, मेलबर्नचे एम, पर्थचे पी, कॅनडाचे सी, दक्षिण आफ्रिकेचे एसए. मुंबईच्या शाखेचे आय फक्त १९१८ च्या नाण्यांवर आहे. १९१७ चे लंडनचे नाणे दुर्मीळ, म्हणून दुसऱ्या टांकसाळीच्या १९१७ वरचे अक्षर खरवडून त्याला ‘लंडन’ केले जाते. रेघेवर त्या जागी घासल्याची खूण शोधावी. १९२५ चे नाणे मात्र कितीही नवेकोरे दिसले तरी घाबरू नये, कारण त्याच सनाचे सॉव्हरिन १९४९ ते १९५२ या काळात पुन्हा पाडले गेले. १९६०, १९६१ आणि १९६९ ते १९७३ या सनांचे सॉव्हरिन नाहीत. १९८३ ते १९९९ चे फक्त प्रूफ आहेत, तेव्हा १९८५ चे साधे, चलनी चमकीचे नाणे आले की विचारपूस सुरू करावी.

जुनी नाणी दागिन्यांत घातलेली असत, विशेषतः १८८७ ची पाच आणि दोन पौंडी. ती ब्रोचमध्ये आणि घड्याळाच्या साखळीत सर्रास मिरवली जात. कडी काढून, डाख तासून, पॉलिश मारून ती पुन्हा ‘नाणे’ म्हणून येतात. मुखवट्याकडे पाहत बसण्यापेक्षा कड पाहावी. नाणे बोटांत धरून पूर्ण फेरी फिरवली की दाते एखाद्या ठिकाणी, बहुधा मुकुटाच्या वर, बुजलेले किंवा पुन्हा कोरलेले दिसतात. कोंदणाच्या नख्यांच्या खुणा तीन-चार ठिकाणी समान अंतरावर असतात. डाखाचा रंग जरा फिका किंवा पिवळट-पांढरा असतो. अशा नाण्याला मोडीच्या भावाच्या आसपासच किंमत द्यावी, पेटी कितीही सुंदर असो. पेटीबद्दल आणखी एक: १९०२, १९११, १९३७ च्या मूळ चामडी पेट्यांना स्वतंत्र किंमत आहे, त्यामुळे रिकाम्या पेटीत साधी नाणी भरून ‘संच’ बनतो. पेटी खरी, नाणी खरी, संच खोटा. १९३७ च्या संचात कडेने, १९०२ च्या संचात पृष्ठभागाने आणि १९११ च्या संचात सॉव्हरिन व अर्ध्या सॉव्हरिनच्या प्रूफ चमकीने हे लगेच उघडे पडते.

काही सॉव्हरिनवर तांबूस ठिपके दिसतात. हिणाचे तांबे नीट मिसळले गेले नसेल तर ते होते, बनावटीचे लक्षण नव्हे. ते काढण्याच्या फंदात पडू नये.

आता पदके. १८९७ च्या हीरकमहोत्सवाचे रॉयल मिंटचे पदक सोन्यात दोन आकारांत निघाले, सुमारे ५६ मिमी आणि २६ मिमी. एका बाजूला ब्रॉकचा वृद्ध मुखवटा, दुसऱ्या बाजूला वायनचा तरुण. कामगिरी अप्रतिम आहे आणि अनेक संग्राहकांना ते १८९३ च्या नाण्यांपेक्षा सुंदर वाटते, मीही त्यांच्यातलाच. १९०२ (डी सॉल्सची रचना), १९११ (मॅकेनल), १९३५ आणि १९३७ (मेटकाफ) यांचीही अधिकृत पदके सोन्यात आहेत: लहान ३१-३२ मिमी, मोठी ५१ ते ५७ मिमी. नाण्यापेक्षा इथे फसवणूक सोपी आहे, कारण हीच पदके चांदीत आणि कांशात कितीतरी जास्त निघाली आणि पदकाच्या कडेवर धातूचा शिक्का असेलच असे नाही. पण तपासही सोपा. कांशाची घनता ८.८ च्या आसपास, सोन्याच्या मिश्रधातूची १७ च्या वर. म्हणजे त्याच साच्यातले कांशाचे पदक सोन्याच्या निम्म्या वजनाचे भरते. वजन न सांगता ‘सोनेरी’ म्हणून विकले जाणारे मोठे पदक पाहायलाही जाऊ नये. खाजगी कंपन्यांची सोन्याची पदके, उदाहरणार्थ १९६५ मध्ये चर्चिलच्या निधनानंतर निघालेली, निरनिराळ्या कसांत आहेत. तिथे कडेवरचा हॉलमार्क वाचल्याशिवाय हिशेबच मांडता येत नाही. चर्चिलचा अधिकृत क्राउन तांबे-निकेलचा आहे. सोनेरी दिसला तर तो मुलामा.

अलीकडच्या स्मारक सॉव्हरिनपैकी १९८९ चा, पहिल्या सॉव्हरिनच्या पाचशे वर्षांचा, सर्वांत जास्त मागणीचा. बर्नार्ड सिंडलने राणीला सिंहासनावर समोरून दाखवले, १४८९ च्या सातव्या हेन्रीच्या नाण्यासारखे. तो फक्त प्रूफ आहे आणि आतल्या सोन्यापेक्षा पुष्कळ महाग जातो. २००२, २०१२, २०१७, २०२२, २०२३ या वर्षीही मागची बाजू किंवा मुखवटा प्रसंगाप्रमाणे बदलला. यातली साधी बुलियन (आतल्या सोन्यासाठी घेतली जाणारी) नाणी सोन्याच्या भावाच्या जवळपास घ्यावीत. प्रूफ घ्यायचे तर टांकसाळीच्या पहिल्या विक्रीपेक्षा दोन-चार वर्षांनी, दुसऱ्या हाताच्या बाजारात. माझे मत असे की ठरलेली संख्या कमी आहे एवढ्यावरून भाव टिकत नाही, घेणारेही तितकेच लागतात. चुकीच्या छापाचे एक नमुनेदार उदाहरण १९९४ चे: बँक ऑफ इंग्लंडच्या त्रिशताब्दीच्या दोन पौंडी सोन्याच्या काही नाण्यांवर चुकून दुहेरी सॉव्हरिनची (नेहमीच्या दोन पौंडी सोन्याच्या नाण्याची) दर्शनी बाजू उठली, त्यामुळे ‘टू पाउंड्स’ हे शब्दच गायब. अशी नाणी जुन्या पेट्यांत आजही कोणी न ओळखता विकून टाकतो.

जर्सी, गिब्राल्टर, ट्रिस्टन दा कुन्हा यांच्या नावाने निघणारे ‘सॉव्हरिन’ कायद्याने बनावट नाहीत. पण ते युनायटेड किंग्डमचे चलन नाहीत आणि विकताना ब्रिटिश सॉव्हरिनचा भाव मिळत नाही. मुलाम्याच्या चकत्यांना तर धातूचा भाव शून्यच.

भाव पाहताना एकच भागाकार करावा. सॉव्हरिनमध्ये शुद्ध सोने ७.३२ ग्रॅम, अर्ध्यात ३.६६, दोन पौंडीत १४.६४, पाच पौंडीत ३६.६१. त्या दिवसाच्या ग्रॅमच्या भावाने गुणावे आणि मागितलेली किंमत त्याने भागावी. उत्तर १.०५ आले तर तुम्ही सोने घेत आहात, ३ आले तर दुर्मीळपणा घेत आहात. मग त्या दुर्मीळपणाचा पुरावा मागावा. लिलावाचे जुने निकाल पाहताना आकडा हातोड्याचा (बोली थांबली तो) की खरेदीदाराच्या अधिभारासकट, हे पाहावे. वीस टक्क्यांहून जास्त फरक त्यातच दडतो. श्रेणी देणाऱ्या संस्थेच्या सीलबंद पेटीत नाणे असेल तर तिचा क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून छायाचित्र जुळवावे. नुसता क्रमांक जुळणे पुरेसे नाही, कारण खऱ्या क्रमांकाच्या खोट्या पेट्याही निघतात.

ठेवण्यासाठी अॅक्रिलिकच्या मापाच्या कॅप्सूल किंवा मायलरची पाकिटे घ्यावीत. मऊ पीव्हीसीची पाकिटे काही वर्षांत हिरवट चिकट थर सोडतात. नाणे नेहमी कडेने धरावे आणि नोंदवहीत वजन तीन दशांशांपर्यंत, व्यास, कडेचा प्रकार, घेतल्याची तारीख, बिलाचा क्रमांक आणि दोन्ही बाजूंची छायाचित्रे ठेवावीत. विम्यालाही हीच माहिती लागते आणि पुढच्या खरेदीदारालाही.

संपादक महोदय, एक विनंती. यापुढे असा मजकूर किंवा जाहिरात छापताना प्रत्येक नगाखाली चार गोष्टी द्याव्यात: कोणी काढले, वजन, कस आणि व्यास. जाहिरातदाराने यातली एकही द्यायला नकार दिला तर तेही छापावे. आणि छायाचित्र दोन्ही बाजूंचे घ्यावे, शक्य असेल तर कडेचेही.

आपला,
एक नाणेसंग्राहक